मेपल ग्लेझ केकवर थांबायचं नाव घेत नाही

ओट्यावरची | शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. काल लोफ केक केला. केकबद्दल तक्रार नाही, तक्रार आहे त्यावरच्या मेपल ग्लेझची, म्हणजे वरून ओतायच्या साखरेच्या थराची. एक कप पिठीसाखर, पाव कप मेपल सिरप (मेपलच्या झाडाचा रस आटवून केलेला पाक), एक मोठा चमचा वितळवलेलं बटर, आणि फारच घट्ट वाटलं म्हणून तीन मोठे चमचे दूध. वाटीत असेपर्यंत दिसायला देखणं होतं. केकवर ओतलं आणि दोन मिनिटांत निम्मं केकने पिऊन टाकलं, निम्मं ताटलीत उतरलं. वर ओलागच्च केक, खाली गोड तळं. चव म्हणाल तर गोड. मेपल कुठे आहे ते डोळे मिटून शोधावं लागलं.

मला हवंय ते असं: फिकट बदामी रंग, बोट लावलं तर चिकटू नये, सुरी घातली की वरची पापडी किंचित तडकावी. आणि खाताना मेपल लागलं पाहिजे. घरात थर्मामीटर नाही, वजनकाटा आहे. कुणी सांगेल का नेमकं काय चुकलं?

शेवटचा_बाक | रात्री ९:१८

ताटलीतलं तळं चमच्याने संपवलं असेलच. मग चुकलं कुठे?

अर्धाकप | रात्री ९:२५

ओतताना केक गरम होता का?

ओट्यावरची | रात्री ९:२७

कोमट होता.

बरं, गरम होता. साच्यातून काढला आणि लगेच ओतलं. धीर निघाला नाही.

अर्धाकप | रात्री ९:३४

मग अर्धं उत्तर तिथेच आहे. गरम केकवर ग्लेझ पातळ होतं आणि आत मुरतं. कधीकधी आपल्याला तेच हवं असतं, पण मग ते ग्लेझ राहत नाही, मुरवण झालं. पांढरट पापडी हवी तर केक पूर्ण गार पाहिजे. तळहात केकच्या बुडाला लावून बघा. वरून गार लागतो पण बूड बराच वेळ गरम असतं, आणि आपण नेमके वरूनच बघतो.

याला अपवाद डोनटचा. डोनट किंचित कोमट असताना बुडवले तर पातळ, काचेसारखा थर बसतो. सिनॅमन रोलवर मी दोनदा घालते: थोडं गरम असताना, आत जाण्यासाठी, आणि उरलेलं गार झाल्यावर, दिसण्यासाठी.

साखरझोप | रात्री १०:०५

केक गरम होता हे खरं, पण ताई, तो गार असता तरी हे ग्लेझ वाहिलंच असतं. खरा घोटाळा दुधाचा आहे. जरा आकडेमोड करतो, कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद वाचा.

साध्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात साधारण २०० ग्रॅम साखर विरघळते. म्हणजे द्रावणात दोन तृतीयांश साखर झाली की ते पाणी तृप्त, आणखी साखर घेणार नाही. आता मेपल सिरप बघा. त्यात मुळातच सुमारे ६६ टक्के साखर असते, तीही बहुतेक सगळी सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीचीच साखर. थोडक्यात मेपल सिरप हे जेवून आलेलं पाहुणं आहे. त्यात पिठीसाखर घातली की ती विरघळत नाही, बारीक कणांच्या रूपात तरंगत राहते. ग्लेझचा पांढरटपणा आणि घट्टपणा दोन्ही या न विरघळलेल्या कणांमुळे येतात.

दूध मात्र उपाशी असतं. तुमच्या तीन मोठ्या चमच्यांत, म्हणजे ४५ मिलिलिटर दुधात, जवळजवळ ३९ ग्रॅम पाणी. ते ७८ ग्रॅम साखर विरघळवू शकतं. तुमची पिठीसाखर एक कप, म्हणजे १२० ग्रॅम. तिच्यातली दोन तृतीयांश दुधाने गिळली. उरलं काय, तर गोड पाणी आणि त्यात थोडी पिठीसाखर.

म्हणून दूध शून्य. १२० ग्रॅम पिठीसाखर, ८० ग्रॅम सिरप (तोच तुमचा पाव कप), १५ ग्रॅम बटर, दोन चिमटी मीठ. सिरप आणि बटर मंद आचेवर बटर वितळेपर्यंतच गरम करा, खाली उतरवा, चाळलेल्या साखरेवर ओता, ढवळा. सुरुवातीला वाटेल की हे जमणार नाही, फार घट्ट आहे. त्या क्षणी दुधाच्या पातेल्याकडे बघायचं नाही. मिनिटभर ढवळत राहिलं की सैल होतं.

ओट्यावरची | रात्री १०:११

जेवून आलेलं पाहुणं!! अगदी त्याच क्षणी मी दूध घातलं होतं. घट्ट वाटलं, एक चमचा. तरी घट्ट, अजून एक. तिसऱ्या चमच्याला एकदम पाणी.

साखरझोप | रात्री १०:१५

तसंच होतं. पहिला चमचा काही करत नाही असं वाटतं, कारण साखर विरघळायला वेळ लागतो. आपण वाट बघत नाही आणि पुढचा घालतो. पातळ करायचंच असेल तर अर्धा छोटा चमचा, आणि मध्ये निदान एक मिनिट थांबायचं.

माईआजी | रात्री १०:४०

मुली, मी वजनं करत नाही, पण पुष्कळ ग्लेझ बिघडवून झाली आहेत, त्यातलं सांगते. साखर आधी बारीक चाळणीने चाळायची. राहिलेल्या गाठी नंतर ढवळून मोडत नाहीत, चपट्या होऊन केकवर पांढरे ठिपके दिसतात. चाळलेल्या साखरेत मधोमध खड्डा करून सिरप त्यात ओतायचं आणि कडेची साखर थोडी थोडी आत ओढायची. फेटायचं नाही. फेटलं की हवा शिरते, आणि वाळल्यावर पापडीवर देवीचे व्रण दिसतात. लाकडी चमचा बरा.

कसोटी डोळ्याने करायची. चमचा उचलला की धार तुटू नये, पट्टीसारखी पडावी. ती पट्टी खालच्या ग्लेझवर दहापर्यंत आकडे मोजेतो दिसावी, मग विरून जावी. लगेच विरली तर पातळ, चमचाभर साखर घाल. विरतच नाही तर घट्ट, पण म्हणून दूध नको, वाटी गरम पाण्यात मिनिटभर धर. बटर थंडावलेलं असतं म्हणून घट्ट वाटतं, बाकी काही नसतं.

पहाटवारा | रात्री १०:५२

माईआजी, दंडवत. वाचनखूण साठवली.

माझं ग्लेझ नेहमी खरखरीत होतं, दाताखाली कचकच लागते. साखर घरी मिक्सरवर काढलेली असते, त्यामुळे का?

माईआजी | रात्री १०:५८

होय. मिक्सरमधली साखर हाताला मऊ लागली तरी जिभेला कळते. दोनदा फिरवून दोनदा चाळ, आणि केल्यावर पाव तास झाकून ठेव, कण थोडे मुरतात. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये थोडं कॉर्नफ्लोअर असतं, तसं घरच्या साखरेतही कपाला छोटा चमचाभर घालून फिरवलंस तर गाठी कमी होतात. त्याहून जास्त घातलंस तर कच्च्या पिठाची चव येते.

तिरकस_रेघ | रात्री ११:३०

सगळ्यांचं बरोबर असेल, पण मूळ प्रश्नातली दुसरी तक्रार तशीच राहिली. चव. १२० ग्रॅम कोरड्या साखरेत ८० ग्रॅम सिरप घालून मेपलची चव शोधायची म्हणजे ढोलताशात बासरी ऐकायची. माझं मत: पिठीसाखर हीच अडचण आहे. सिरप नुसतं आटवा, घट्ट झालं की ओता.

अर्धाकप | रात्री ११:३६

मी हे केलं आहे. छोटं पातेलं घेतलं होतं. फोन वाजला म्हणून वळले, परत बघते तो सिरप पातेल्याबाहेर, शेगडीवर, शेगडीच्या खाली. ते वाळल्यावर सुरीने खरवडावं लागलं. बर्नरची भोकं टाचणीने एकेक करून उघडली. आटवणाऱ्यांनी सिरपच्या चौपट मोठं पातेलं घ्यावं ही कळकळीची विनंती.

दूरदेशी | रविवार, सकाळी ७:१५

अर्धाकप, कणभर बटर टाकायचं उकळताना. फेस बसतो. हे मला एका मार्चमध्ये अमेरिकेत व्हरमाँटला शुगरहाउसमध्ये, म्हणजे मेपलचा रस आटवायच्या जागी, बघायला मिळालं. लांबलचक पसरट कढयांमध्ये मेपलचा रस उकळत होता, वाफेने समोरचा माणूस दिसत नव्हता. फेस वर आला की तिथल्या बाईंनी नखाएवढं बटर टाकलं आणि फेस एका क्षणात खाली.

झाडातून निघणारा रस पाण्यासारखा असतो, चाखला तर गोडी जेमतेम कळते. साखर साधारण २ टक्के. म्हणून सुमारे ४० लिटर रस आटवावा तेव्हा १ लिटर सिरप मिळतं. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा शून्याच्या वर तापमान, असे थोडे आठवडेच रस वाहतो. कळ्या फुटायला लागल्या की रसाची चव बिघडते आणि हंगाम संपतो. जगातलं बहुतेक, सुमारे ७० टक्के, सिरप कॅनडाच्या एकट्या क्युबेक प्रांतातून येतं.

आता ग्लेझपुरतं महत्त्वाचं. बाटलीवर दर्जा लिहिलेला असतो: गोल्डन, अंबर, डार्क, व्हेरी डार्क. हे चारही ग्रेड ए असतात, म्हणजे गोल्डन उच्च आणि डार्क हलकं असं नाही, फरक रंगाचा आणि चवीच्या जोराचा. हंगामाच्या सुरुवातीचं सिरप सहसा फिकं, शेवटचं गडद. पूर्वी ग्रेड बी नावाचं एक गडद सिरप मिळायचं, बेकिंग करणारे तेच शोधायचे. अमेरिकेत २०१५ मध्ये नवी प्रतवारी आली, तेव्हापासून तो माल डार्क किंवा व्हेरी डार्कमध्ये धरतात. ग्लेझला डार्कच घ्या. गोल्डन पॅनकेकवर नुसतं ओतून खायला छान, पिठीसाखरेखाली ते गुदमरतं.

वेलदोडा | सकाळी ८:०२

माझ्या बाटलीवर यातलं काहीच लिहिलेलं नाही. ‘पॅनकेक सिरप’ आहे आणि पानाचं चित्र आहे. चालेल?

साखरझोप | सकाळी ८:२०

मागची बाजू वाचा. खऱ्या मेपल सिरपच्या घटकांत एकच नाव असतं, मेपल सिरप. पॅनकेक सिरप बहुधा कॉर्न सिरप (मक्यापासून केलेला पाक), रंग आणि वास यांचं असतं. केकवर घातलं तर कुणी ओरडणार नाही, पण पापडी नीट धरत नाही, चिकट राहते. कॉर्न सिरपमधलं ग्लुकोज साखरेचे स्फटिक होऊ देत नाही, आणि आपल्याला तर स्फटिकच हवे आहेत.

अवांतर: नकली मेपलचा वास बऱ्याचदा मेथीपासून काढतात. मेथीत सोटोलोन नावाचं द्रव्य असतं, मेपलच्या वासाशी त्याचा जवळचा संबंध. २००५ पासून न्यूयॉर्क शहरात अधूनमधून सगळीकडे मेपल सिरपचा वास सुटायचा, लोक घाबरून फोन करायचे. शेवटी २००९ मध्ये छडा लागला: नदीपलीकडे न्यू जर्सीत एका कारखान्यात मेथीदाण्यावर प्रक्रिया चालायची, वारा त्या दिशेने आला की वास शहरात.

शेवटचा_बाक | सकाळी ८:२६

म्हणजे अख्खं शहर मेथीचा वास घेऊन पॅनकेकची आठवण काढत होतं. दिवस सार्थकी लागला.

वेलदोडा | सकाळी ८:३१

वाचली बाटली. मेपल पाचव्या क्रमांकावर आहे. तेही ‘मेपल फ्लेवर’. 😐

तिरकस_रेघ | सकाळी ९:४५

मेथीकडून पुन्हा आटवण्याकडे येऊ. साखरझोप, नुसतं आटवलं तर काय बिघडतं ते सांगा. मला तरी ते जास्त प्रामाणिक वाटतं.

साखरझोप | सकाळी १०:३०

बिघडत काही नाही, पण ते ग्लेझ होत नाही. थोडं आटवलंत तर दाट सिरप, ते वाळतच नाही. ११२ अंश सेल्सिअसच्या आसपास नेऊन, न हलवता पूर्ण गार करून, मग सतत घोटत बसलात तर पांढरं, लोण्यासारखं मेपल क्रीम होतं. स्वर्गीय प्रकार आहे, पण हात भरून येतो आणि ते केकवर ओतता येत नाही, फासावं लागतं. त्याच्याही पुढे नेलंत तर मेपलच्या वड्या.

पण तुमच्या तक्रारीत तथ्य आहे. त्यावर माझा मधला मार्ग. १६० ग्रॅम सिरप घ्या, १४० ग्रॅम उरेपर्यंत उकळा. फक्त २० ग्रॅम पाणी उडालं, पण आता त्यात जेमतेम ३४ ग्रॅम पाणी उरलं. म्हणजे आधीच्या कृतीतल्या ८० ग्रॅम सिरपात जे २७ ग्रॅम होतं त्याहून किंचित जास्त. त्यामुळे साखर तेवढीच घालायची, १२० ग्रॅम, आणि ग्लेझ पहिल्याइतकंच घट्ट होतं. मेपल मात्र दुप्पट. बटर २० ग्रॅम घ्या. हे गरम असतानाच वापरायचं, कारण गार होता होता फार भराभर घट्ट होतं. एका लोफला जास्तच होईल. उरलेलं झाकून ठेवा, गरम पाण्यात वाटी धरली की पुन्हा सैल होतं.

ताईंकडे वजनकाटा आहे म्हणूनच हे सुचवतोय, थर्मामीटर लागतच नाही. सिरप घातलेलं पातेलं आधी काट्यावर ठेवून आकडा लिहून घ्या. दोनतीन मिनिटं उकळलं की उतरवून पुन्हा ठेवा (काट्यावर जाड फडकं, आणि त्याचं वजन दोन्ही वेळा धरायला विसरू नका). आकडा २० ने उतरला की झालं.

तिरकस_रेघ | सकाळी १०:४१

हे मान्य. लिहून घेतलं.

पहाटवारा | सकाळी ११:०५

व्हॅनिला घालायचा का? सगळ्या कृतींमध्ये असतो.

माईआजी | सकाळी ११:२०

मी घालत नाही. व्हॅनिला पुढे पुढे करतो, मेपल बिचारं मागे राहतं. त्यापेक्षा मीठ चिमूटभर जास्त. आणि बटर नुसतं वितळवण्याऐवजी तांबूस होईपर्यंत तापव, तळाशी बदामी कण दिसले की लगेच दुसऱ्या भांड्यात ओत, नाहीतर पातेल्याच्या उष्णतेनेच करपतं. ते कण गाळायचे नाहीत, चव तिथेच असते.

अर्धाकप | सकाळी ११:२४

तांबूस बटरला +१. फक्त त्यातलं पाणी उडून जातं, म्हणून १५ ग्रॅम हवं असेल तर १८-२० ग्रॅमपासून सुरुवात करा.

निळीशाई | दुपारी १:१०

दूधदुभतं चालत नाही अशांसाठी: बटरऐवजी शुद्ध खोबरेल तेल चालतं. २४ अंशांच्या खाली ते गोठतं, त्यामुळे थंड हवेत पापडी उलट जास्तच कडक होते. उकाड्यात मात्र चकचकीत आणि ओली राहते.

आणि माझा प्रश्न. हवा दमट असली की ग्लेझ रात्रभर वाळत नाही. सकाळी झाकण काढलं तर वर दवबिंदू.

अर्धाकप | दुपारी १:३५

झाकलंत म्हणूनच. साखर हवेतलं पाणी ओढते, आणि बंद डब्यात केकमधलंही. पापडी आधी उघड्यावर धरू द्या, निदान तास-दोन तास, पंख्याखाली चालेल. मग सैल झाकण. फ्रिजमध्ये तर ठेवूच नका, बाहेर काढल्या काढल्या घाम फुटतो. दुसऱ्या दिवशी न्यायचं असेल तर केक आदल्या दिवशी करा, ग्लेझ निघण्यापूर्वी दोन तास. फ्रीझरमध्ये ठेवायचा असेल तर बिनग्लेझचा.

ओट्यावरची | रात्री ८:५०

मंडळी, रिपोर्ट.

सकाळीच केक करून जाळीवर ठेवला. बूड चार वेळा तपासलं. संध्याकाळी साखरझोप यांचा मधला मार्ग घेतला. सिरप अंबर होतं, डार्क घरात नव्हतं. सिरप, पातेलं आणि फडकं मिळून ६१२ ग्रॅम. उकळायला लागलं तसा फेस वर चढला, दूरदेशी यांचं नखाएवढं बटर टाकलं आणि तो खरंच खाली बसला, बघायला मजा आली. पहिल्यांदा उतरवलं तर ६०३. परत ठेवलं. दुसऱ्यांदा ५९०. म्हणजे दोन ग्रॅम जास्त उडालं. घाबरून अर्धा चमचा सिरप परत घातलं, दूध नाही!

साखरेत खड्डा केला, ओतलं, आणि तो घट्ट क्षण आला. चमचा उभा राहतो की काय असं वाटत होतं. फ्रिजकडे पाठ करून ढवळत राहिले. साधारण मिनिटाने सैल झालं, रंग कॉफीत भरपूर दूध घातल्यासारखा. पट्टी पडली, आठ मोजेपर्यंत दिसली. ओतलं. कडेवरून तीन ओघळ निघाले, अर्ध्या वाटेवर थांबले आणि तिथेच राहिले. वीस मिनिटांनी बोट लावलं तर चिकटलं नाही. तासाभराने कापला तेव्हा पापडी तडकली, ऐकू आली.

एका कोपऱ्यात पांढरा ठिपका आहे. चाळणीत शेवटी उरलेली साखर मी चमच्याने दाबून घातली होती. माईआजी, कळलं.

आणि मेपल लागतं. खाताना आधी मीठ, मग मेपल, साखर सगळ्यात शेवटी.

माईआजी | रात्री ९:०५

चाळणीत उरलेलं दाबायचं नसतं गं, टाकून द्यायचं.

साखरझोप | रात्री ९:१२

छान! पुढच्या वेळी डार्क घ्या आणि कळवा, फरक ऐकायचा आहे.

शेवटचा_बाक | रात्री ९:२०

फोटो नाही, त्यामुळे विश्वास नाही. आणि ताटलीतल्या तळ्याचं काय?

ओट्यावरची | रात्री ९:३१

तळं नाही, थेंबसुद्धा नाही. फोटो काढायला मोबाइल आणेपर्यंत तीन तुकडे गेले होते. उरलेलं ग्लेझ झाकून ठेवणार होते, पण वाटी घासायला घेतली तर ती आधीच लख्ख होती, आणि घरात कुणीही कबूल व्हायला तयार नाही.